देवमासा : कोकणचा अनोळखी शेजारी

हल्ली आपल्याकडील मंडळी प्रवासाला फार दूर जाऊ लागली आहेत. काशी-रामेश्वर झाले, सिंगापूर झाले, आणि आता नॉर्वे-आइसलंडची पाळी आली आहे. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर हुसाविक नावाचे एक चिमुकले बंदर आहे. तेथे लोकरीच्या कपड्यांत स्वतःला गुंडाळून घ्यावे, होडीत बसावे आणि दिवसभर थंड वारा खात देवमासे पाहावेत, असा प्रघात आहे. आमच्या परिचयाचे एक पुणेकर कुटुंब अशी यात्रा करून आले. पुढे ते गणपतीपुळ्याला जाताना आमच्याकडे उतरले, तेव्हा काळ्याशार पाण्यातून वर आलेल्या देवमाशाच्या शेपटीची छायाचित्रे त्यांनी मोठ्या हौसेने दाखविली. त्यांच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी मात्र मला एकच प्रश्न केला, "आजोबा, रत्नागिरीलाही समुद्र आहे. मग इथे देवमासे का नाहीत?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे होते, "आहेत." परंतु तेवढ्याने त्या मुलाचे समाधान होईना. आहेत, तर मग कोणी पाहिले? कधी पाहिले? आणि आम्हांला शाळेत कोणी सांगितले कसे नाही? मी जन्मभर इतिहास शिकविला. लढायांच्या तारखा मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु आपल्याच समुद्रातील सर्वांत मोठ्या रहिवाशाचाही काही इतिहास असेल, असा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आलेला मला आठवत नाही. म्हणून त्या चिरंजीवांसाठी आणि त्यांच्या वयाच्या सर्वांसाठी हा इतिहास येथे थोडक्यात सांगत आहे.

आरंभ कालिदासापासून करावा हे बरे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात लंकेहून परतणारा राम पुष्पक विमानातून सीतेला खालचा समुद्र दाखवतो. त्या वर्णनात 'तिमी' येतात. नदीच्या मुखाशी ते जबडा उघडून जलचरांसकट पाणी आत घेतात, मग तोंड मिटतात, आणि डोक्याला असलेल्या छिद्रांतून पाण्याचे प्रवाह वर उडवितात, असे कवी सांगतो. ही केवळ कविकल्पना असे समजून आपण हा श्लोक वाचतो नि पुढे जातो. वस्तुतः त्यातील दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यावाचून लिहिता येणार नाहीत. दात नसलेले देवमासे खरोखरच असेच जेवतात. तोंडभर पाणी घ्यायचे, वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरीतून ते गाळायचे आणि आत राहिलेले मासे-कोळंबी गिळायची, अशी त्यांची रीत आहे. डोक्यावरचे छिद्रही खरे आहे. फरक एवढाच, की त्यातून उडते ते तोंडातले पाणी नसून देवमाशाचा उच्छ्वास असतो. देवमासा मासाच नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो, त्यांना दूध पाजतो. कोंडलेला श्वास तो जोराने सोडतो, तेव्हा त्यातील बाष्पाचा नि नाकपुडीजवळच्या पाण्याचा फवारा उडतो. कालिदासाने तो स्वतः पाहिला असेल किंवा कोण्या नावाड्याकडून ऐकला असेल. कसेही असो, आपल्या वाङ्मयात देवमाशाची नोंद फार जुनी आहे आणि ती भयाची नसून कौतुकाची आहे.

भयाची नोंद ग्रीकांनी करून ठेवली. इसवी सनापूर्वी ३२५ साली अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस सिंधूच्या मुखातून आरमार घेऊन इराणच्या आखाताकडे निघाला. मकरानच्या किनाऱ्याने जात असता एके सकाळी समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले. खलाशांनी वाटाड्यांना विचारले, तेव्हा ते देवमासे असल्याचे कळले. ऐकताच वल्ह्यांवरचे त्यांचे हात थांबले. मग निआर्कसाने लढाईत करतात तशी गलबतांची रांग धरली, रणशिंगे फुंकायला लावली आणि सर्वांना आरोळ्या ठोकीत थेट त्या प्राण्यांवर चालून जाण्याचा हुकूम दिला. देवमाशांनी बुडी मारली, ते मागच्या बाजूला वर आले आणि पूर्ववत फवारे उडवू लागले. सैनिकांनी मात्र विजयाच्या टाळ्या पिटल्या! एरियन या इतिहासकाराने ही हकीकत नमूद केली आहे. त्या किनाऱ्यावरचे मत्स्याहारी लोक वाहून आलेल्या देवमाशांच्या हाडांची घरे बांधीत आणि जबड्याच्या हाडांची दारे करीत, असेही तो सांगतो. हा समुद्र कोणता? तर हाच, आपला अरबी समुद्र. आपल्याच पाण्याचा तो वरचा, उत्तरेकडचा भाग होय.

तिसरी नोंद लोभाची आहे. अकबराच्या दरबारी सुगंधी द्रव्यांत 'अंबर' मोठ्या मानाचे होते. अहमदनगरची निजामशाही सावरून धरणाऱ्या मलिक अंबराचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या नावातील अंबर म्हणजे आकाश नव्हे, ते हेच सुगंधी द्रव्य. ते येते कोठून, याविषयी अबुल फजलाने ऐने अकबरीत नाना मते दिली आहेत. कोणी म्हणे तो समुद्राचा फेस, कोणी म्हणे झाडाचा डिंक, कोणी म्हणे मेण, तर कोणी म्हणे ते माशांच्या पोटातून निघते. शेवटचे मत सत्याच्या सर्वांत जवळचे होते. चौकोनी डोक्याचा, दात असलेला जो स्पर्म व्हेल नावाचा देवमासा, तो खोल समुद्रातील माकूळ खातो. माकुळाच्या कठीण चोची त्याला पचत नाहीत. त्यांच्याभोवती आतड्यात एक मेणचट गोळा तयार होतो, तेच अंबर. हल्ली वर्तमानपत्रे त्याला 'व्हेलची उलटी' म्हणतात. कोकणात ती विकताना अमुक इतके लोक पकडले गेले, अशा बातम्याही अधूनमधून येतात. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिचा व्यापार आपल्या देशात गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडली म्हणून ती आपली होत नाही.

येथवरचा इतिहास माणसांचा झाला. आता देवमाशांचा पाहू. कारण रत्नागिरीच्या दृष्टीने खरी नवलाची गोष्ट त्यात आहे.

मोठे देवमासे बहुधा फिरस्ते असतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचे आणि हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन विणीचा काळ घालवायचा, असा त्यांचा क्रम असतो. परंतु अरबी समुद्राच्या उत्तरेला वाट कोठे आहे? तिकडे इराण आहे, मकरान आहे, सिंध आहे. जमिनीने दार बंद करून टाकलेले आहे. असे असूनही या समुद्रातील कुबडे देवमासे दक्षिण ध्रुवाकडे जात नाहीत. ते बारा महिने येथेच राहतात, येथेच खातात आणि येथेच वितात. जगात अन्यत्र कुबड्या देवमाशांचे असे बिऱ्हाड नाही. त्यांच्या रक्तसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की हा कळप सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून अलग राहिला आहे.

मग या उबदार पाण्यात त्यांना पुरेसे अन्न मिळते कसे? याचे उत्तर आपल्या मृगाच्या पावसात आहे. नैर्ऋत्येचा जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच सोमालिया नि ओमानच्या किनाऱ्यांवरून जाताना समुद्राचे वरचे पाणी दूर लोटतो. त्याच्या जागी तळाचे गार, सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर बारीक जीव आणि त्यांवर तारलीसारखे मासे. ज्या वाऱ्यावर आपली भातशेती, त्याच वाऱ्यावर देवमाशांचा चरितार्थ! कोकणचा शेतकरी आणि हा जलचर एकाच मान्सूनचे आश्रित आहेत.

आता या इतिहासातील सर्वांत काळे पान उलटतो. १९४६ साली वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. सोव्हिएत रशियाने त्यावर सही केली होती. तथापि १९६३ ते १९६७ या काळात 'स्लावा' आणि 'सोव्हेत्स्काया उक्राइना' या प्रचंड कारखानी जहाजांचे ताफे दक्षिण ध्रुवाकडे जातायेता अरबी समुद्रात चोरून शिकार करीत होते. त्यांनी मारलेले निळे देवमासे १,२९४, स्पर्म व्हेल ९५४, ब्रायड्स व्हेल ८४९ आणि कुबडे देवमासे २४२. एकूण ३,३३९. यांतील कुबडे देवमासे जवळजवळ सगळे एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ मारले गेले. त्या साली दिवाळीही नोव्हेंबरातच होती. आपण घरोघरी पणत्या लावीत होतो, दिवाळी अंक चाळीत होतो, आणि आपल्याच समुद्रात हा संहार चालला होता. कोणाच्याही कानी त्याची वार्ता आली नाही.

वार्ता फुटली ती सोव्हिएत राजवट गेल्यानंतर. १९९३ साली याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने त्या खोट्या हिशेबांना वाचा फोडली. १९९७ साली मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशांचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच कागदांतून दोन गोष्टी जगाला कळल्या. मारलेल्या प्राण्यांची पोटे अन्नाने भरलेली होती, आणि अनेक माद्या गाभण होत्या. म्हणजे हे प्राणी येथे केवळ वाटसरू नव्हते, येथे त्यांचा संसार होता, याचा भक्कम पुरावा त्यांना मारणाऱ्यांच्याच दफ्तरातून मिळाला. इतिहासाच्या शिक्षकाला दफ्तराचे मोल ठाऊक असते. परंतु असे दफ्तर वाचताना मन विषण्ण होते. पुढे ओमानच्या किनाऱ्याजवळ छायाचित्रांवरून जी गणती झाली, तीत कुबड्या देवमाशांची संख्या अवघी ८२ च्या आसपास भरली. आपल्या एखाद्या वाडीतसुद्धा याहून अधिक माणसे असतात.

सुदैवाने शहाणपणही त्याच शतकात आले. सेशेल्स या लहानशा बेटांच्या देशाने पुढाकार घेतला आणि १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १९८१ साली भारत आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा सभासद झाला. १९८२ साली व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव झाला. तेव्हापासून हत्यारे बोथट झाली खरी, पण जहाजांची ये-जा आणि जाळ्यांचे फास वाढले.

एवढे वाचून झाल्यावर आपणही एकदा समुद्रात जाऊन पाहावे असे मला फार वाटू लागले. मार्गशीर्षात समुद्र कसा गुळगुळीत असतो! ओळखीच्या एका तांडेलाच्या होडीतून पहाटे मिरकरवाड्याहून आम्ही निघालो. भगवतीच्या किल्ल्याजवळचा दीपस्तंभ हळूहळू मागे पडला. उजाडल्यावर प्रथम गादे भेटले. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. पाच-सहा गादे नाळेपुढे खेळले, कंटाळले आणि निघून गेले. त्यानंतर तीन तास नुसते पाणी. शिदोरी सुटली, घावन-चटणी झाली, चहाही झाला. ऊन तापू लागले. इतक्यात दूर कुरवांचा थवा पाण्यावर आदळताना दिसला. "तारलीचा थवा हाय," तांडेल म्हणाला आणि त्याने इंजिन मंद केले. मग एकदम बोट दाखवून तो म्हणाला, "मास्तर, त्यो बघा!"

क्षितिजालगत पांढऱ्या वाफेची एक काडी उभी राहिली आणि विरून गेली. थोड्या वेळाने दुसरी. तिच्याखाली काळसर पाठ दिसली आणि पाठीवरचा लहानसा पर. बस्, इतकेच! मी म्हटले, "जरा जवळ घेता का?" त्याने मान हलविली. "नको मास्तर. त्यो जेवायला बसलाय. जेवत्या माणसाला उठवतात काय?" त्याने इंजिन साफ बंद केले. आम्ही अर्धा तास तसेच डुलत राहिलो. वाफेच्या त्या काड्या मी मोजल्या. त्या एकंदर सात भरल्या. हुसाविकच्या छायाचित्रांपुढे हे दर्शन फार किरकोळ म्हणावे लागेल. परंतु निआर्कस रणशिंगे फुंकीत ज्यांच्यावर चालून गेला, त्यांच्यापुढे आमचा तांडेल इंजिन बंद करून बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

अलीकडच्या नोंदीही सांगायला हव्यात. २०१५ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वरासमोरच्या समुद्रात संशोधकांच्या एका तुकडीला निळे देवमासे दिसले. त्यांत पिल्लासह एक मादीही होती. याच वर्षी २४ जूनला अलिबागजवळ रेवदंड्याला ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. लोकांनी त्याला लोटण्याची शिकस्त केली, पण तो वाचला नाही. मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांत कुबड्या देवमाशाचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. होय, गाणेच! या जातीचे नर विणीच्या काळात तासन्‌तास ठरावीक चालीवर गातात. आणि त्याच साली ओमानमध्ये 'लुबान' नावाच्या एका मादीच्या पाठीवर लहानसे संदेशयंत्र बसविण्यात आले. ती सारा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत ओमानला गेली. अरब व्यापाऱ्यांची गलबते शतकानुशतके ज्या समुद्रावरून गेली, त्यावरूनच ही बाई एकटी जाऊन आली.

राहता राहिली गणपतीपुळ्याची गोष्ट. २०२३ सालच्या दिवाळीत, १३ नोव्हेंबरला, देवळासमोरच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत रुतलेले आढळले. ते निळ्या देवमाशाचे असल्याचे सांगण्यात आले. वजन साडेतीन-चार टनांच्या घरात. मी त्या गर्दीत होतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी आलेली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे तेथे लोटली होती. ओले कापड अंगावर टाकून, पाणी ओतून त्याची कातडी ओली ठेवणे चालले होते. पशुवैद्य होते, वनखाते होते, पोलीस, तटरक्षक दल, गावकरी, सारे होते. ओहोटीला काही करता येत नसे, भरतीची वाट पाहावी लागे. अखेर चाळीस तासांहून अधिक खटपटीनंतर, भरती साधून, टग बोटीच्या साहाय्याने त्याला खोल समुद्रात नेऊन सोडले. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. परंतु लवकरच ते पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि गतप्राण झाले.

"मग एवढा खटाटोप करून काय मिळविले?" असे त्या वेळी अनेकांनी विचारले. याचे उत्तर देवमाशाच्या बालपणात आहे. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते. सहा-सात महिने ते केवळ आईच्या दुधावर वाढते आणि त्या काळात त्याचे वजन दिवसाला नव्वद किलोच्या आसपास चढते. आई हरवलेल्या पिल्लाला समुद्रात सोडणे म्हणजे त्याला घरी पोचविणे नव्हे. तेथे दूध कोण पाजणार? म्हणून ते वाचले नाही यात मदत करणाऱ्यांचा काहीच दोष नाही. परंतु अंगावर पिणारे पिल्लू गणपतीपुळ्याला लागते, याचा अर्थ त्याची आई फार लांब नव्हती. याचा अर्थ आपला समुद्र ही त्यांची बाळंतिणीची खोली आहे. मिखालेव्हच्या कागदांनी जे मेलेल्या माद्यांवरून सांगितले, तेच या पिल्लाने आपल्या दारात येऊन सांगितले. १९६६ च्या नोव्हेंबरात आपल्याला पत्ता नव्हता. २०२३ च्या नोव्हेंबरात गावच्या गाव दोन रात्री जागले. साठ वर्षांच्या आतच माणसात एवढा पालट झाला, हीही इतिहासातील नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पालट झाला तरी काम संपले नाही. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराला आपले जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्र शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. २०१८ साली सुरू झालेली ही योजना प्रत्येक बंदरात, प्रत्येक होडीवर माहीत असावयास हवी. कारण एका जाळ्याची किंमत गरिबाच्या संसाराला फार मोठी असते, आणि दया करायला सांगणे दुसऱ्याच्या पैशाने सोपे असते. फवारा दिसला तर होडी दामटून जवळ नेऊ नये. जिवंत वा मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर वनखात्याला ताबडतोब कळवावे, त्याच्या नाकावर पाणी ओतू नये, पाठीवर चढून छायाचित्रे काढू नयेत.

आणि मुलांना घेऊन रत्नागिरीला आलात, तर केवळ थिबा राजवाडा, टिळकांचे घर आणि आंबापोळी एवढ्यावर परतू नका. झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सुमारे ५५ फूट लांबीचा सांगाडा आहे. त्याच्या परांजवळ थोडे वाकून पाहावे. परात, आपल्या तळहाताच्या आत असतात तशीच, बोटांची हाडे दिसतील. फार पूर्वी जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांकडून ती त्याला मिळाली आहेत. मुलांना ती मोजायला सांगावी. मोजून झाली म्हणजे सांगावे, की अशा हातांचे थोडेसेच शेजारी आता उरले आहेत आणि ते या किनाऱ्यापासून फार दूर नाहीत.